खिशातली पट्टी आणि पावतीची कड

इंदूरला रामबागेत मामांचा दवाखाना होता. टेबलाच्या खणात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या पडलेल्या असत, सगळ्या एमआर मंडळींनी, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी दिलेल्या, कोपऱ्यात बीपीच्या कुठल्याशा गोळीचं नाव. शाळेत असताना भूमितीसाठी त्यातली एक मी पळवली आणि फसलो. आकडे 300 पासून उतरत जाणारे, तेही आधी दाटीवाटीने आणि पुढे ऐसपैस!

ती पट्टी हृदयाचे ठोके मोजायची. ईसीजीचा कागद एरवी सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो. म्हणजे 1 मिलिमीटरचं बारीक घर 0.04 सेकंदाचं आणि पाचाचं मोठं घर 0.2 सेकंदाचं. पट्टीचा बाण एका आर-टोकावर, म्हणजे ठोक्याच्या उंच सुळक्यावर ठेवायचा, मधलं एक टोक सोडून त्यापुढचं जिथे येईल तिथला आकडा वाचायचा. या दोन ठोक्यांचं अंतर 50 मिलिमीटर असेल तर मिनिटाला 60 ठोके, 30 असेल तर 100. भागाकार आधीच करून छापलेला, एवढीच जादू. पट्टी हाताशी नसेल तर शेजारच्या दोन टोकांमधली मोठी घरं मोजा आणि 300 ला तेवढ्याने भागा.

एकदा एका धडधाकट मुलाच्या ईसीजीवर पट्टी 40 दाखवू लागली. मामांनी मनगट धरलं, नाडी 80! मशीन सेकंदाला 50 मिलिमीटरच्या वेगावर राहून गेलं होतं, म्हणून टोकं दुप्पट लांब पडली होती. कागदाच्या कडेला तसं बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. "आधी कड वाच, मग पट्टी काढ," मामा मला म्हणाले.

हल्ली ईसीजीचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात. तिथे पट्टी निकामी, पण घरं मोजता येतात, कारण आलेखाबरोबर तीही लहानमोठी होतात. ठोकेच अनियमित असतील, तर 30 मोठ्या घरांतले, म्हणजे 6 सेकंदांतले ठोके मोजून दहाने गुणायचं.

मामांचं लाडकं हत्यार मात्र नमकीनच्या दुकानाची पावती. चक्कर येणाऱ्या एका आजोबांच्या ईसीजीवर तिची कड टेकवून त्यांनी पी लहरींखाली, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या छोट्या लहरींखाली पेन्सिलीने खुणा केल्या आणि पावती सरकवली. एक खूण नेमकी टी लहरीच्या, म्हणजे ठोक्यानंतर येणाऱ्या लहरीच्या उंचवट्यावर आली. पी तिथे दडून बसली होती! पी लहरी आपल्या चालीने मिनिटाला 80, क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांचे उंच ठोके, आपल्या चालीने जेमतेम 36, एकमेकांशी काही देणंघेणं नाही. कम्प्लीट हार्ट ब्लॉक, म्हणजे वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोचतच नव्हता. आजोबांना तासाभरात पेसमेकरसाठी मोठ्या दवाखान्यात धाडलं. पावती फाइलला टाचलेली राहिली, अर्धा किलो लौंग शेवेची.