बिश्केक (एका दिवसाची शहरभटकंती)

किर्गिझस्तानची राजधानी. चुय खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर, किर्गिझ आला-तू रांगेच्या पायथ्याशी वसलेलं हे शहर एका दिवसात पायी बऱ्यापैकी बघून होतं, कारण मधला भाग रशियन काळात आखलेला आहे, रस्ते सरळसोट आणि एकमेकांना काटकोनात, आणि बर्फाचे डोंगर दिसले की ती दक्षिण, एवढं लक्षात ठेवलं तरी माणूस चुकत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे.

नाव कुठून आलं यावर मात्र बरंच लिहिलं गेलंय. सगळ्यात जास्त सांगितली जाणारी व्युत्पत्ती म्हणजे बिश्केक = घुसळायचा दांडा. घोडीचं दूध आंबवून किमिझ (बाहेर कुमिस म्हणून माहीत असलेलं पेय) करतात, ते धुरी दिलेल्या घोड्याच्या कातड्याच्या मोठ्या बुधल्यात, ज्याला साबा म्हणतात, आणि त्यात हा लांब लाकडी दांडा घालून घुसळतात. आपल्याकडची रवी दोरीने गरागरा फिरते, हा दांडा मात्र वरखाली मारायचा असतो, टोकाला लाकडाचा जाड फुगवटा किंवा फुली, बाकी काम तेच. लोककथा अशी की एका गरोदर बाईचा हा दांडा हरवला, तो शोधताना ती इथेच बाळंत झाली आणि मुलाचं नाव बिश्केक ठेवलं, तोच पुढे मोठा वीर झाला. कथा कथेच्या जागी, पण शब्दाला आधार पक्का आहे: किर्गिझमध्ये घुसळण्याचं क्रियापद ‘बिश्-’ असं आहे आणि शेजारच्या कझाकमध्ये याच दांड्याला ‘पिस्पेक’ म्हणतात, म्हणजे ब आणि प ची अदलाबदल तिथे नेहमीचीच, त्यामुळे जुन्या कागदांतलं ‘पिश्पेक’ वेगळं मानायची गरज नाही. दुसरं मत इराणी भाषाकुळाकडे बोट दाखवतं: सोग्दी (मध्य आशियातले प्राचीन इराणी भाषक) लोकांचं ‘पेशगाह’सारखं रूप, अर्थ डोंगरापुढची जागा. यातला ‘पेश’ मराठी माणसाला परका नाही, पेशवा आणि पेशगी मधला तोच. भूगोलाला हे अगदी चपखल बसतं, आणि चुय खोऱ्यात सोग्दी व्यापाऱ्यांची वस्ती होती हेही खरंच, पण तिथपासून १९ व्या शतकातल्या किल्ल्याच्या नावापर्यंत पटेल असा दुवा दिसत नाही. तिसरं, बेश बेक म्हणजे पाच सरदार, हे ऐकायला छान पण मागाहून जुळवल्यासारखं वाटतं. एकूणात घुसळणीचं मतच जास्त जवळचं वाटतं, तेही बहुधा आधी माणसाचं नाव आणि मग जागेचं या वाटेने.

लिखित इतिहास कोकंदच्या (मध्य आशियातलं तेव्हाचं एक राज्य) खानांनी १८२५ च्या सुमारास बांधलेल्या मातीच्या किल्ल्यापासून धरतात. रशियनांनी तो १८६० मध्ये घेतला आणि १८६२ मध्ये पुन्हा, १८७८ मध्ये जिल्ह्याचं ठाणं तोकमोकहून इथे आलं. १९२६ मध्ये इथेच जन्मलेल्या (१८८५) लाल सेनेच्या मिखाइल फ्रुंझेचं नाव शहराला दिलं. जुन्या किर्गिझ उच्चारांत फ नाही आणि शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षरही बसत नाही, त्यामुळे लोक ‘पुरुंझे’ म्हणायचे, आपल्याच राजधानीचं नाव ज्यांना आपल्या जिभेनुसार वळवून घ्यावं लागलं त्यांना १९९१ च्या फेब्रुवारीत बिश्केक परत मिळालं तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. विमानतळाच्या कोडमध्ये मात्र जुनं नाव पुढेही कित्येक वर्षं राहिलं.

भटकंती साधारण आला-तू चौकातून सुरू करतात. चौक १९८४ चा. मधल्या चबुतऱ्यावर आधी लेनिन होता, २००३ मध्ये त्याला चौकातल्या इतिहास म्युझियमच्या मागे हलवलं, मग स्वातंत्र्याची पंख असलेली मूर्ती आली आणि २०११ पासून किर्गिझ महाकाव्याचा नायक घोड्यावरचा मानस उभा आहे. लेनिन पाडला नाही, नुसता मागे नेला, हे बघायला दोन मिनिटं वळसा घालून जरूर जावं. शेजारी झेंड्याचा खांब, झेंड्यावर तुंदुक म्हणजे यर्टच्या (भटक्यांच्या गोल तंबूच्या) छपराचं गोल चक्र आणि ४० किरणं. जवळच्या व्हाइट हाउस नावाच्या सरकारी इमारतीच्या कुंपणापाशी एप्रिल २०१० च्या सरकारविरोधी उठावात गोळीबारात गेलेल्यांचं स्मारक आहे, तिथे आवाज खाली ठेवावा.

पुढे ओक पार्क, एर्किंदिक बुलेवार, आणि फ्रुंझे म्युझियम, जिथे त्याचं लहानपणीचं म्हणून दाखवलं जाणारं गवती छपराचं छोटं घर आख्खं सोव्हिएत इमारतीच्या पोटात ठेवलंय. शहराच्या झाडीचं श्रेय वनस्पतितज्ज्ञ अलेक्सेय फेतिसोव यांना देतात. रस्त्याकडेला आरिक म्हणजे पाण्याचे छोटे पाट, उतार उत्तरेकडे त्यामुळे पाणीही बहुतेक तिकडेच वाहतं. रात्री फुटपाथवरून चालताना यांच्याकडे लक्ष ठेवावं.

दुपार ओश बाजारात. सुकामेवा, पांढऱ्या नमद्याच्या काल्पाक टोप्या, तंदूरमधून काढलेली, मधोमध ठसा उठवलेली गोल पोळी, आणि कुरुत, म्हणजे खारवलेल्या दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या, दाताने फोडायला गेलं तर फुटत नाहीत, गालात धरून ठेवायच्या. उन्हाळ्यात फुटपाथवर छत्रीखाली पिंपं घेऊन बायका बसलेल्या असतात, त्यांच्याकडे धान्य आंबवलेलं माक्सिम आणि चालाप मिळतं. चालाप म्हणजे खारं ताकच, मराठी माणसाला पहिल्या घोटात पटतं.

शहरात एमबीबीएस करणारी भारतीय मुलं हजारोंनी आहेत, त्यात महाराष्ट्रातलीही, त्यामुळे रस्त्यात मराठी कानावर पडू शकतं. मे २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर जमावाने हल्ले केले तेव्हा दूतावासाने त्यांना घरातच थांबायला सांगितलं होतं, इकडे आईवडील फोन धरून बसले होते.

आला-आर्चा नॅशनल पार्क दक्षिणेला ४० किमीवर, ते याच दिवसात कोंबू नये. दुसरा दिवस असेल तर पूर्वेला तोकमोकजवळ बुराना मिनार, आणि त्याच भागात आक-बेशिम, म्हणजे जुनं सुयाब, जिथे इ.स. ६३० च्या सुमारास ह्युएन त्सांग तुर्क खागानला (सम्राटाला) भेटला. तोच पुढे दशकभराने पुलकेशीच्या महाराष्ट्रात पोचला.