आंब्याची कोय आणि देवमाशाचे वाटे

आमच्या घरी आंब्याचा नियम सोपा होता: जो कापेल त्याने शेवटी उचलायचं. थोरल्याची सुरी मग कशी मोजूनमापून चालायची! तरी कोय कोणाला, यावरून भांडण ठरलेलंच. 'हे बरोबर नाही!' म्हणून भोकाड पसरणाऱ्या पोराला नीतिशास्त्र कोणी शिकवलेलं नसतं. मग हे 'बरोबर' येतं कुठून? दोन अधिक दोन चार, तसं ते आधीच ठरलेलं असतं, की ज्याचं त्याचं वेगळं?

त्याचं मूळ माणसाच्याही मागे जात असावं. सेरा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी २००३ साली कॅपुचिन माकडांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. खडा परत दिला की काकडीचा तुकडा मिळायचा आणि माकडं खूश असायची. शेजारणीला त्याच कामाचं द्राक्ष मिळताना दिसलं, की मात्र काकडी नकोशी व्हायची. याच्या अर्थावर पुढे बराच वाद झाला. मलाही ही नीती कमी आणि चडफड जास्त वाटते. पण आंब्याचं भांडण तरी दुसरं काय असतं?

माणसांसाठीचा खेळ १९८२ साली जर्मनीत वर्नर ग्युथ आणि सहकाऱ्यांनी मांडला. समजा, तुम्हाला शंभर रुपये दिले. त्यातले किती अनोळखी जोडीदाराला द्यायचे, ते तुम्ही ठरवायचं. त्याने 'हो' म्हटलं तर दोघांना आपापला वाटा. 'नाही' म्हटलं तर दोघांच्याही हाती भोपळा. हिशेबाने बघितलं तर दहा रुपयेही घ्यावेत. पण पाश्चात्त्य विद्यार्थी बहुधा चाळीस-पन्नास देतात आणि वीसच्या आत काही आलं, तर अनेकदा चक्क लाथाडतात.

हाच मनुष्यस्वभाव, असं वाटत होतं. मग मानवशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक पेरू देशाच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांकडे हा खेळ घेऊन गेले. तिथे सरासरी देऊ केलेला वाटा २६ टक्के निघाला, आणि २१ पैकी एकानेच नकार दिला. कमी देणाऱ्याचा कोणाला रागच नव्हता! पुढे असे पंधरा समाज तपासले गेले. इंडोनेशियातल्या लामालेरा गावात जुगार वाटू नये म्हणून पैशांऐवजी सिगारेटची पाकिटं ठेवली होती. तिथे लोकांनी निम्म्याहून जास्त देऊ केली.

कारण पोटापाण्यात सापडतं. माचिगेंगा कुटुंबं आपापली शेती-शिकार बघून राहतात. लामालेराचे लोक मात्र होडीतून देवमाशाची शिकार करतात. ती एकट्यादुकट्याचं काम नव्हे, आणि मासा किनाऱ्याला लागला की कोणाचा कुठला तुकडा हे परंपरेने ठरलेलं असतं. वाटणीत खोट आली, तर उद्या होडीत कोण बसेल?

'ज्याची त्याची नीती' म्हणणाऱ्यांनी इथे थबकावं. त्या अभ्यासात वय, शिक्षण, श्रीमंती यांवरून कोण किती देईल ते सांगता येईना. समाजात सहकार्य आणि बाजार किती, यावरून बरंच सांगता आलं. म्हणजे न्यायाची ही कल्पना विश्वात कोरलेली दिसत नाही, तशी एकेकट्याची आवडनिवडही नाही. ती चारचौघांत घडते. अर्थात, लोक काय योग्य मानतात हे प्रयोगातून कळलं, तरी योग्य काय ते त्यातून निघत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४० मध्येच बजावलं होतं.

पापुआ न्यू गिनीतल्या औ आणि ग्नाऊ लोकांनी तर निम्म्याहून मोठे वाटेही नाकारले. तिथे देणगी घेतली की परतफेड मानगुटीवर बसते. लग्नातल्या आहेराची वही जपणाऱ्या आपल्या आज्यांना हे चटकन कळलं असतं.