कौलं दिसली म्हणजे खाली घरच असेल असं नाही

इटलीतल्या टस्कनीत नांगरलेल्या शेतातून चालत गेलं की ढेकळांमध्ये रोमन काळातल्या कौलांचे तुकडे दिसतात, मध्येच एखाद्या मडक्याचा काठ. आर्किऑलॉजिस्ट लोकांनी वर्षानुवर्षं अशी शेतं पायी पालथी घातली आणि जिथे खापरं दाट दिसली तिथे नकाशावर टिंब दिलं. छोटं टिंब म्हणजे गरीब शेतकऱ्याचं घर, मोठं म्हणजे जमीनदाराचा व्हिला. खणले मात्र बहुतेक व्हिलेच, कारण तिथे मोझॅकच्या फरश्या मिळतात. रोमन साम्राज्यातली बहुतेक माणसं शेतीवर जगायची आणि त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं ते बहुतेक सगळं जमीनदारांनी, याचं मला फार वाईट वाटतं.

मग 2009 ते 2014 मध्ये आर्किऑलॉजिस्ट किम बोव्स आणि त्यांच्या अमेरिकन-इटालियन टीमने ग्रोसेतो जिल्ह्यातल्या चिनिजानोजवळची ही छोटी टिंबं खणायला घेतली. आणि निघालं काय? एका ठिकाणी भट्टी, एका ठिकाणी तेल किंवा वाइन गाळायची जागा, एक गुरांचा आसरा आणि एक तर चक्क शेतातलं पाणी काढून द्यायचा चर! राहती घरं होती, पण थोडी.

म्हणजे शेतकऱ्याचा संसार एका छपराखाली मावत नव्हता, तो सगळ्या शिवारात पसरलेला होता. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायची गरजच नाही, घर गावात, गोठा मळ्यात, खळं तिसरीकडे, राखणीची खोप चौथीकडे, पण नकाशावर टिंबं मोजणाऱ्यांच्या हे लक्षात यायला खणावं लागलं.

अशा खोदकामात सोनंनाणं नसतं, खरी माहिती मातीतच असते. बादलीभर माती पाण्यात सोडून हलकेच ढवळायची, माती खाली बसते आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरायचे. जळलेलेच का, तर कोळशाला जिवाणू खात नाहीत, साधा दाणा कधीच कुजून गेलेला असतो. त्यातला एखादा दाणा भिंगाखाली धरला की गहू आहे का जव हे कळतं. ओलसर मातीत परागकणही टिकतात, आणि इथल्या परागकणांत चराऊ गवताचा पुरावा मिळाला, म्हणजे ही माणसं नुसतं धान्य पेरून वरच्या पावसावर बसलेली नव्हती, गुरं राखत होती, जमीन पाळीपाळीने कुरणासाठी वापरत होती, विचारपूर्वक शेती करत होती.

यात एक मोठी अडचणही आहे. भूमध्य समुद्राच्या आसपास कितीतरी ठिकाणी रोमन काळातली खेड्यांची लोकसंख्या काढताना एक टिंब म्हणजे एक कुटुंब असाच हिशोब धरलेला आहे. एकच कुटुंब जर चार-पाच टिंबं वापरत असेल तर ते आकडे परत तपासावे लागणार, आणि त्यासाठी आधी ती टिंबं खणावी लागणार.