तपासणीसाठी रक्त कधी द्यायचं, हे ग्रंथीच ठरवतात

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो वरच्या दाबापेक्षा 20ने जास्त फुगवला आणि 3 मिनिटं तसाच ठेवला, तर कधीकधी हात आपोआप वळतो. मनगट दुमडतं, बोटं सरळच राहून एकमेकांना चिकटतात, अंगठा आत ओढला जातो. भाताचा घास उचलताना होतो, साधारण तसा हात. जोडीला ओठांभोवती मुंग्या येत असतील, तर रक्तातलं कॅल्शियम घसरलंय असं समजावं. काढली थायरॉइड, दुखावल्या तिच्या पाठीला चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी.

या बहुधा चार असतात, प्रत्येकी तुरीच्या डाळीएवढी, वजन 30 ते 50 मिलिग्रॅम. नजरेतून निसटायला इतक्या सोप्या, की रिचर्ड ओवेन यांना 1850च्या सुमारास त्या दिसल्या त्या माणसात नव्हे, तर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात! माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन केलं ते उप्सालाच्या इवार सांडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं, 1880 मध्ये.

रक्तातलं कॅल्शियम डेसिलिटरला साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅममध्ये राखणं हे त्यांचं काम. ते जरा उतरलं की पीटीएच (पॅराथायरॉइड हॉर्मोन) सुटतं. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला ते लघवीत सोडू देत नाही, आणि ड जीवनसत्त्व कामाला लावून आतड्यातून जास्त शोषून घ्यायला लावतं. उन्हाच्या देशात राहूनही ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांत कॅल्शियमचा आकडा ठीक आणि पीटीएच चढलेलं दिसतं ते यामुळेच: आकडा हाडांच्या जिवावर सांभाळला जात असतो.

पीटीएच रक्तात चारेक मिनिटांत निम्मं होतं. शल्यविशारद याचा छान उपयोग करतात. गाठ झालेली पॅराथायरॉइड काढल्यावर 10 मिनिटांनी रक्त तपासायचं. पीटीएच निम्म्याहून खाली आलं, तर बहुधा दुसरी दोषी ग्रंथी मागे राहिलेली नाही, गळा शिवायला हरकत नाही. कॅल्शियम मात्र एवढं चपळ नाही. त्याला तळ गाठायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून थायरॉइड काढल्याच्या संध्याकाळी ठणठणीत असलेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुंग्या येतात. कॅल्शियम देऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासावं. ते फार कमी असेल तर पीटीएच सुटतच नाही.

थायरॉइडचा कारभार याच्या अगदी उलट, संथ. तिचं टी-फोर हे हॉर्मोन निम्मं व्हायला सुमारे 7 दिवस लागतात. ते कमी पडणाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या गोळीचा डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन) तपासणं म्हणजे पैसे वाया. आकडा स्थिरावायला 6 ते 8 आठवडे द्यावेत. याच कारणानं एखाद्या दिवशी गोळी चुकली तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या सवयीनं: गोळी घेतली आणि लगेच चहा. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर 4 तासांनी, कारण आतड्यातच त्या हिला धरून ठेवतात. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तपासणीआधी निदान 2 दिवस बंद ठेवा. काही यंत्रं त्यामुळे चक्क खोटे आकडे दाखवतात.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनलला दिवसरात्र कळते. तिचं कॉर्टिझोल हे हॉर्मोन सकाळी 8च्या आसपास भरात, मध्यरात्री तळाला. त्याची कमतरता शोधायची तर रक्त सकाळीच द्यायला हवं. दुपारच्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. क्षयरोगानं ही ग्रंथी पोखरली जाणं आपल्याकडे अजून दिसतं. लक्षणं: थकवा, वजनात घट, मिठाची ओढ, आणि काळवंडणं. सावळ्या माणसाला घरचे ‘उन्हानं रापलाय’ म्हणतात आणि महिने जातात. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या नव्यानं काळ्या पडल्यात का, ते पाहा. ऊन तिथं पोचत नाही.

कॉर्टिझोलसारखंच काम करणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या 3 आठवड्यांहून जास्त चालल्या, की अ‍ॅड्रिनल आपलं काम थांबवते आणि पुन्हा जागी व्हायला कधीकधी महिने घेते. म्हणून डोस उतरवत न्यायचा, एकदम तोडायचा नाही. सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडी बंद केल्यावर अंगातलं त्राणच गेलं आणि रक्तदाब पडला, तर डॉक्टरांना पुडीबद्दल आवर्जून सांगा. कायमची कमतरता असलेल्यांनी तापात हायड्रोकॉर्टिझोनचा (औषध म्हणून दिलेल्या कॉर्टिझोलचा) डोस डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे, बहुधा दुप्पट करायचा असतो. उलटीत गोळी पडून जात असेल तर वाट पाहू नये: प्रौढांना त्याचंच 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन लगेच, आणि सलाइनसाठी थेट रुग्णालय.