अनियंत्रित राजसत्तेचा युरोपमधील उदय

अनियंत्रित राजसत्ता ही साधारणतः सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील अनेक देशांत रुजलेली राज्यपद्धती होय. कायदे करणे, कर बसविणे, सैन्य बाळगणे आणि न्यायनिवाड्यात शेवटचा शब्द उच्चारणे हे अधिकार तीत तत्त्वतः एकट्या राजाच्या ठायी एकवटलेले असत. ‘राजा कायद्यातून मुक्त असतो’ या अर्थाच्या एका रोमन विधिवचनातून या पद्धतीचे युरोपीय नाव आले आहे. मात्र अनियंत्रित म्हणजे मनमानी, असा अर्थ तिच्या समर्थकांनाही अभिप्रेत नव्हता. ईश्वरी नियम, वारसाहक्काचे मूलभूत कायदे आणि प्रजेची खासगी मालमत्ता यांना राजाने हात लावू नये, असे ते मानत. या सत्तेचा सर्वांत परिपूर्ण आविष्कार फ्रान्समध्ये झाला. म्हणून तिच्या कारणांचा शोधही तेथूनच घेणे सोयीचे ठरते.

मध्ययुगीन फ्रान्सचा राजा हा अनेक सरंजामदारांतील एक, फार तर त्यांच्यातील पहिला होता. सरंजामदारांकडे स्वतःचे गढीकोट, शिबंदी आणि न्यायसभा असत. इंग्लंडशी चाललेल्या शतवार्षिक युद्धाने (1337–1453) ही घडी मोडली. पगार थकलेल्या भाडोत्री टोळ्या मुलूख लुटत असल्यामुळे सातव्या चार्ल्सने 1439 मध्ये हुकूम काढून राजाच्या परवान्याशिवाय फौज उभारण्यास सरंजामदारांना मनाई केली आणि 1445 मध्ये पगारी घोडदळाची कायम पथके उभी केली. त्यांच्या खर्चासाठी ‘ताय्’ हा युद्धकाळापुरता असलेला कर दरवर्षी वसूल होऊ लागला व त्यासाठी धर्मगुरू, उमराव आणि सामान्य जन या तीन वर्गांच्या सर्वसाधारण प्रतिनिधिसभेची संमती घेण्याची प्रथा मागे पडली. लोक गप्प राहिले, कारण कर हा लुटीपेक्षा स्वस्त होता. उमराव आणि धर्मगुरू गप्प राहिले, कारण ते बहुतांशी या करातून सुटले होते. पुढील साडेतीन शतकांच्या इतिहासाची किल्ली या दुसऱ्या कारणात आहे.

तोफांमुळे जुन्या किल्ल्यांच्या उंच तटबंदीचा उपयोग राहिला नाही. नव्या पद्धतीचे बुरूजबंद कोट, तोफखाना आणि शिस्तबद्ध पायदळ यांचा खर्च एकट्यादुकट्या सरंजामदाराच्या आवाक्यापलीकडचा होता. पंधराव्या शतकात काही हजारांत मोजली जाणारी फ्रेंच राजाची कायम फौज चौदाव्या लूईच्या काळात, 1690 च्या दशकात, कागदोपत्री चार लाखांच्या घरात गेली. दरम्यान 1516 मध्ये पोपशी झालेल्या करारान्वये बिशपांच्या नेमणुका राजाच्या हाती आल्या होत्या. त्यामुळे धर्मसुधारणेची, म्हणजे रोमच्या चर्चविरुद्धच्या प्रॉटेस्टंट चळवळीची, लाट उसळली तेव्हा, प्रॉटेस्टंट राजांप्रमाणे रोमशी संबंध तोडून चर्चवर ताबा मिळविण्याची गरज फ्रेंच राजाला फारशी उरली नव्हती.

तरीही केवळ सैन्य आणि पैसा यांमुळे लोक राजाला एवढी सत्ता बहाल करीत नाहीत. तशी मनोभूमिका 1562 ते 1598 या काळातील धर्मयुद्धांनी तयार केली. कॅथलिक आणि ह्यूगेनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) यांच्या या संघर्षात 1572 मध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी पॅरिसमध्ये सुरू झालेली कत्तल इतर शहरांतही पसरली आणि 1589 मध्ये खुद्द तिसऱ्या हेन्रीचा खून झाला. दोन्ही पक्षांच्या पंडितांनी जुलमी राजाला विरोध करण्याचा हक्क सोयीप्रमाणे मांडला. या अनुभवातूनच झां बोदँ या फ्रेंच विधिज्ञाने 1576 मध्ये सार्वभौमत्वाचा सिद्धांत मांडला: राज्यात अंतिम सत्ता एकच असली पाहिजे आणि तिची वाटणी होऊ शकत नाही. गंमत अशी की, त्याच वर्षी ब्ल्वा येथे भरलेल्या प्रतिनिधिसभेत याच बोदँने राजाच्या पैशाच्या मागण्यांना विरोध केला होता. संमतीविना कर त्यालाही मान्य नव्हता. राजाला सत्ता थेट ईश्वराकडून मिळते, या दैवी अधिकाराच्या सिद्धांताला कारणांच्या यादीत नेहमी पहिले स्थान दिले जाते, परंतु त्याने सत्ता निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा आधीच साचत चाललेल्या सत्तेला धर्माची भाषा दिली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

चौथ्या हेन्रीच्या कारकिर्दीत 1604 मध्ये सरकारी पदांवर एक नवा वार्षिक आकार बसविण्यात आला. पदाच्या किमतीचा साठावा भाग दरवर्षी भरला की ते पद वारसाकडे जाई. मराठी वाचकाला यावरून वतनाची आठवण होईल. यातून तिजोरीत पैसा आला आणि पदे विकत घेणारा सधन नगरवासी वर्ग राजसत्तेशी बांधला गेला, पण हे अधिकारी काढून टाकणे मात्र राजाला अशक्य झाले. यावर उपाय म्हणून रीशल्यने (मुख्यमंत्री 1624–42) प्रांतोप्रांती इंटेंडंट नावाचे, केव्हाही परत बोलावता येणारे अधिकारी धाडले. त्याने सरहद्दीवर नसलेले गढीकोट पाडण्याचा हुकूम काढला आणि दीर्घ वेढ्यानंतर 1628 मध्ये ला रोशेल हे ह्यूगेनॉटांचे ठाणे घेतले. फ्रान्स 1635 मध्ये मध्य युरोपात चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धात उघडपणे उतरल्यावर करांचा बोजा असह्य झाला व नॉर्मंडीसारख्या प्रांतांत बंडे उसळली. अखेर 1648 ते 1653 या काळात न्यायाधीश आणि उमराव यांनी ‘फ्राँद’ नावाचे बंड केले. जानेवारी 1649 मध्ये दहा वर्षांच्या चौदाव्या लूईला रात्रीतून पॅरिसबाहेर न्यावे लागले. त्या रात्रीचा आणि त्याच्या पुढील कारभाराचा संबंध जोडण्याचा मोह इतिहासकारांना क्वचितच आवरता आला आहे. परंतु बंडखोर आपसांत भांडले, आणि अराजकाला विटलेल्या देशाने 1661 मध्ये त्याने हाती घेतलेला एकहाती कारभार निमूटपणे स्वीकारला.

इतरत्र हीच कारणे वेगळ्या प्रमाणात आढळतात. ब्रांडनबुर्क या जर्मन राज्यात 1653 साली उमरावांनी कायम फौजेसाठी पैसा मंजूर केला आणि मोबदल्यात शेतकऱ्यांवरील आपला अंमल पक्का करून घेतला. डेन्मार्कमध्ये स्वीडनकडून झालेल्या पराभवानंतर 1660 मध्ये धर्मगुरू व नगरवासी यांनीच उमरावांविरुद्ध राजाची बाजू घेतली, आणि 1665 च्या राजकायद्याने अनियंत्रित सत्तेला चक्क लेखी घटना मिळाली. पोलंडच्या सभेत 1652 पासून एका सभासदाच्या नकारानेही कामकाज मोडू लागले व तेथील राजसत्ता दुबळीच राहिली. इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्सने 1629 पासून 11 वर्षे पार्लमेंटविना कारभार रेटला. तथापि स्कॉटलंडशी झालेल्या युद्धाचा खर्च भागविण्यासाठी त्याला ते बोलवावे लागले. बेटावरील या राज्यात जमिनीवरच्या मोठ्या कायम फौजेची निकड नव्हती आणि करांची दोरी पार्लमेंटने सोडली नाही. युद्ध हेच एकमेव कारण मानणाऱ्यांना नेदरलँड्सच्या प्रजासत्ताकाचाही विचार करावा लागतो. कारण त्याने राजाविना, व्यापारी नगरांच्या संमतीने आणि कमी व्याजाच्या कर्जावर स्पेनशी दीर्घ युद्ध चालविले.

फ्रान्समध्ये करमाफीचा जुना सौदा चौदाव्या लूईलाही पूर्णपणे मोडता आला नाही. त्याने 1695 आणि 1710 मध्ये विशेषाधिकारी वर्गांवरही कर बसविले, पण सवलती आणि सूट यांमुळे त्यांची धार गेली. कर्जे वाढत गेली. 1614 मध्ये भरलेली सर्वसाधारण प्रतिनिधिसभा त्यानंतर 175 वर्षे बोलावली गेली नव्हती. सोळाव्या लूईने ती 1789 च्या मे महिन्यात व्हर्साय येथे भरविली, ती तिजोरी रिती झाल्यामुळे.