टायमिंग हललंय की कॅम झिजलाय?

दिवाळीनंतर पोफळी-माडांना पाणी लावायची वेळ आली की कोकणातल्या पंपघरांची कुलपं निघतात. पावसाळाभर दमट हवेत पडून राहिलेली जुनी डिझेल इंजिनं हँडल मारून चालू केली जातात. त्यातलं एखादं चालू तर होतं, पण पंप ओढत नाही. लोड आला की काळा धूर टाकतं, मधूनच एअर फिल्टरमधून फट्‌ करून उलटं फुसकतं. मग दोनपैकी एक निदान ऐकू येतं: ‘टायमिंग गेलंय’ किंवा ‘कॅम खाल्लाय’. नुसत्या कानाने या दोहोंतला फरक कळत नाही. उपाय मात्र अगदी वेगळे. एकात गिअर काढून नीट बसवायचा, दुसऱ्यात शाफ्टच बदलायचा. कोणाचंही ऐकून नवा कॅमशाफ्ट मागवण्याआधी मोजून घेतलेलं बरं.

कॅम म्हणजे वॉल्व्ह उचलणारा शाफ्ट, क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतो तो. टायमिंग म्हणजे क्रँकच्या फेऱ्यांशी कॅमने धरलेला मेळ. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक फेरी होते, आणि हे गणित गिअरच्या दातांवर बसवलेलं असतं. गिअर एक दात चुकला तर वॉल्व्ह पूर्वीइतकाच उचलला जातो, फक्त अवेळी. झिजेत उलटं होतं. मेळ शाबूत असतो, पण कॅमचा उंचवटा, म्हणजे लोब, बसका झाल्यामुळे वॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि मधे पुरता उचललाही जात नाही.

मोजायच्या आधी टॅपेटचा, म्हणजे कॅमवर टेकून वॉल्व्हला ढकलणाऱ्या दट्ट्याचा, क्लिअरन्स (सोडलेली फट) पुस्तिकेप्रमाणे लावून घ्या, कारण ढिला टॅपेटही वॉल्व्ह उशिरा उघडतो आणि लवकर मिटवतो, म्हणजे हुबेहूब झिजेची नक्कल करतो. पण इथेच बहुतेक जण फसतात. क्लिअरन्स बरोबर निघाला की कॅमही चांगला, असं धरून चालतात. क्लिअरन्स मोजतो तेव्हा टॅपेट लोबच्या पाठीवर, गोल भागावर टेकलेला असतो. तो भाग फारसा झिजतच नाही. झिजतं ते टोक, कारण स्प्रिंगचा सगळा दाब तिथे येतो. फट मोजायच्या पातळ पत्र्याला, फिलर गेजला, टोकाची खबर लागणं शक्य नाही. आणि आवाज बंद व्हावा म्हणून क्लिअरन्स पुस्तिकेपेक्षा कमी करणारे फिटर तर वॉल्व्ह जाळायची सोय करून ठेवतात.

आता मोजणी. सामान फार लागत नाही: स्टँडसकट एक डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमाप), कागदाची लांब पट्टी आणि पेन्सिल. पट्टी फ्लायव्हीलभोवती गुंडाळून परिघाएवढी कापा आणि तिच्यावर 360 अंश आखा. चाक 600 मिमी व्यासाचं असेल तर परिघ साधारण 1885 मिमी, म्हणजे एका अंशाला सव्वापाच मिमी. पट्टी चिकटवून समोर तारेचा काटा लावा. टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, डोळ्याने ठरवू नका. तिथे पिस्टन जवळजवळ थांबल्यासारखा असतो, चाक चार अंश हललं तरी जाणवत नाही. इंजेक्टर काढून त्या भोकातून सळई पिस्टनवर टेकवा. पिस्टन वर येताना सळईची एक खूण हेडच्या पातळीला आली की पट्टीवर रेघ मारा. चाक त्याच दिशेने फिरवत राहा. पिस्टन टीडीसी ओलांडून खाली जाताना तीच खूण पुन्हा पातळीला आली की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये टीडीसी. पुढची मोजणीही सगळी चाक फिरतं त्याच दिशेने करायची. चुकून पुढे गेलात तर मागे सरकवू नका, दोन फेऱ्या पूर्ण करून परत या. नाहीतर गिअरच्या दातांमधला ढिलेपणा आकड्यात मिसळतो.

डायल गेज वॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या टोपीवर लावा. वॉल्व्ह नेमका कधी उघडायला लागला हे पकडायच्या नादी लागू नका, ती सुरुवात फार हळू असते. उघडताना 1 मिमी उचलला गेला की एक अंश लिहा, मिटताना 1 मिमी उरला की दुसरा. मला सगळ्या मोजणीत हे दोन आकडे सर्वांत कामाचे वाटतात. त्यांचा मध्यबिंदू टायमिंग सांगतो, त्यांच्यातलं अंतर झीज सांगतं.

आकड्यांतच बघू. किर्लोस्करच्या 5 हॉर्सपॉवरच्या एका सिलिंडरच्या इंजिनात इनलेट, म्हणजे हवा आत घेणारा वॉल्व्ह, टीडीसीच्या 4.5 अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात खाली असतो ती जागा) 35.5 अंशांनी मिटतो. एकूण 220 अंश, म्हणजे मध्य टीडीसीनंतर 105.5 वर. क्रँकचा गिअर समजा 25 दातांचा आहे, तर एक दात म्हणजे 14.4 अंश. दात मागे बसला असेल तर मध्य 120 च्या आसपास मिळेल. पट्टीवर हा फरक तब्बल 75 मिमी, चार बोटांचा. मुख्य म्हणजे एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या वॉल्व्हचा, मध्यही तेवढाच आणि त्याच दिशेला सरकलेला मिळेल. याउलट इनलेटचा मध्य 105-106 ला, पण एक्झॉस्टचं अंतर दहा-बारा अंशांनी आकसलेलं आणि उचल कमी, असं मिळालं तर तो कॅमच. एकाच लोबचा दोष गिअरच्या माथी मारता येत नाही. झीज चढत्या बाजूला जास्त असेल तर मध्य अंशभर हलतो, पण चौदा अंश नाही.

एक्झॉस्टचा लोब बहुधा आधी जातो. सिलिंडरमध्ये दाब शिल्लक असतानाच त्याला वॉल्व्ह उघडावा लागतो. तो बसका झाला की जळका गॅस पुरता बाहेर पडत नाही, आणि इनलेट उघडला की तोच वर फुसकतो. एअर फिल्टरमधली ती फट्‌ यातूनही येते.

डायल गेज नसेल तर याच इंजिनासाठी पाच मिनिटांची एक परीक्षा आहे. एक्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडत असतानाच्या टीडीसीवर चाक थांबवा. दोन्ही वॉल्व्ह अगदी किंचित आणि सारखेच उघडे असायला हवेत. एक स्पष्ट उघडा आणि दुसऱ्याचा रॉकर (वॉल्व्हला दाबणारा हात) ढिला, तर गिअर चुकलाय.

अशा इंजिनात बहुधा डिझेल पंपही याच कॅमशाफ्टवर चालतो. त्यामुळे दात चुकला की डिझेल सुटण्याची वेळही तेवढीच सरकते. वॉल्व्ह आणि पंप दोन्ही सारखेच चुकले तर गिअरकडे वळा. वॉल्व्ह बरोबर आणि पंपच चुकला असेल तर कॅमला हात लावू नका, पंपाचा टॅपेट बघा.

फरक दाताच्या पटीत बसत नाही, समजा पाच-सहा अंशच आला, तर कॅम गिअरची चावी, म्हणजे गिअर शाफ्टला जखडणारी पट्टी, तपासा. चावीची खाच रुंद झाली की गिअर शाफ्टवर डुलतो. गिअरवरची खूण जुळते, तरी टायमिंग चुकतंच.

कॅम बाहेर काढलात तर लोबच्या टोकापासून पाठीपर्यंत मायक्रोमीटर लावा आणि त्यातून गोल भागाचा व्यास वजा करा. उरते ती उचल. पण त्याआधी टोकावरून नख फिरवा. चांगला लोब गुळगुळीत लागतो. झिजलेल्याच्या कडेला नख अडकेल असा काठ असतो, कारण टॅपेट टेकत नाही तेवढी पट्टी मूळ उंचीची राहिलेली असते. खारट हवेत इंजिन पडून राहिल्याने गंजाचे खड्डे पडले असतील तर तेही तिथेच सापडतील. टॅपेटचा तळही उलटा करून बघा. गोल गोल रेघा असतील तर तो फिरतोय. एकच घासलेला पट्टा दिसला तर तो फिरायचा थांबलाय आणि लोब त्यानेच खाल्लाय. असा टॅपेट नव्या कॅमखाली परत घालू नका. पैसे वाचवायला ठेवलेला जुना टॅपेट नवा लोबही तसाच खातो.