चोवीस चित्रं आणि एक हरवलेला बेडूक

एका मुलाने बरणीत बेडूक पाळलाय. रात्री मुलगा आणि त्याचा कुत्रा गाढ झोपतात, बेडूक हळूच एक पाय बाहेर काढतो आणि पसार होतो. सकाळी रिकामी बरणी. मग शोधाशोध: बूट उलटे करा, खिडकीतून हाका मारा, जंगलात जा. मर्सर मेयर या अमेरिकन चित्रकाराचं हे पुस्तक १९६९ साली आलं. आत २४ चित्रं आहेत आणि शब्द एकही नाही. काढलं होतं लहान मुलांसाठी, पण पुढे भाषाशास्त्रज्ञांनी ते इतकं वापरलं, की त्यांच्यात नुसतं ‘बेडकाची गोष्ट’ म्हटलं तरी पुरतं.

शब्द नसलेलं पुस्तक भाषेच्या अभ्यासकांना कशाला हवं? कारण सरळ आहे. मुलाला छापील गोष्ट वाचून दाखवली आणि मग सांगायला लावली, तर त्याची भाषा ऐकू येते की लेखकाची, हे कळत नाही. इथे उसनं घ्यायला काहीच नाही. जे काही ऐकू येईल ते त्या मुलाचं स्वतःचं.

रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पाच भाषांमधल्या मुलांकडून आणि मोठ्यांकडून ही गोष्ट सांगून घेतली. इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की. १९९४ साली हे काम ग्रंथरूपात आलं. भाषा कुठलीही असो, वाढीचा नकाशा साधारण सारखाच दिसला. तीन वर्षांचं मूल प्रत्येक पान वेगळं धरतं: हा मुलगा, हा कुत्रा, इथे माश्या. पाचव्या वर्षाच्या आसपास शेजारशेजारची पानं जोडली जातात. कुत्र्याने पोळं पाडलं म्हणून माश्या मागे लागल्या, हे कळतं आणि सांगताही येतं. सगळी पानं ‘बेडूक शोधायचाय’ या एका दोरीत ओवणं मात्र नऊ वर्षांच्या मुलांनाच नीट जमतं. तिथवर एकेक घटना रंगते, पण बेडूक मध्येच विसरला जातो.

फरक दिसले ते भाषेच्या बारकाव्यांत. झाडाच्या ढोलीतून घुबड बाहेर येतं आणि मुलगा खाली कोसळतो, ते चित्र घ्या. इंग्रजीत कसं बाहेर आलं ते क्रियापदातच भरलेलं असतं, बाहेर ही दिशा एका छोट्या शब्दावर भागते. स्पॅनिशमध्ये क्रियापद दिशेसाठी खर्ची पडतं, ‘निघालं’ एवढंच. कसं निघालं ते बहुतेक लोक सांगतच नाहीत. त्याच चित्रात मुलगा पडून झालेला आहे, पण कुत्र्यामागे माश्या अजून लागलेल्याच आहेत. झालेलं आणि चालू असलेलं यांसाठी इंग्रजी व स्पॅनिशमध्ये क्रियापदाची वेगळी रूपं आहेत, म्हणून ती बोलणारी मुलं हा भेद करतात. जर्मन आणि हिब्रूमध्ये तशी सोय नाही, आणि तिथली मुलं बहुधा दोन्ही गोष्टी एकाच काळात सांगून मोकळी होतात. तुर्कीत तर भूतकाळाची दोन रूपं आहेत: एक डोळ्यांनी पाहिलेल्याचं, दुसरं ऐकलेल्याचं किंवा मागाहून ताडलेल्याचं. स्लोबिन यांनी याला ‘बोलण्यासाठीचा विचार’ असं नाव दिलं. तोंड उघडायच्या बेतात असताना आपली भाषा आपल्याला काही ठरावीक गोष्टींकडे बघायला लावते.

मराठीत हेच पुस्तक घेऊन बसलं की गंमत येते. माझ्या चार वर्षांच्या भाचीसमोर मी ते ठेवलं, तेव्हा पहिलं भांडण कुत्र्यावरून झालं. मी म्हटलं ‘तो कुत्रा’, ती म्हणाली ‘ते कुत्रं’. इंग्रजीत याची फारशी कटकट नाही. मराठीत तो, ती की ते हे ठरवल्याशिवाय साधा ‘पडला’सुद्धा म्हणता येत नाही, म्हणजे पहिल्याच वाक्यात पात्र ठरवावं लागतं. ‘ते कुत्रं’ म्हणण्यात तिची थोडी मायाही होती. घुबडाच्या पानावर आपली क्रियापदं स्पॅनिशच्या चालीने जातात: ‘बाहेर आलं’. पण कसं आलं ते सांगायला आपल्याकडे फडफडत, भुर्रकन, धपकन, डुबुक असा अख्खा डबा भरलेला आहे आणि मुलं तो सढळ हाताने वापरतात. व्याकरणाची पुस्तकं या शब्दांना अनुकरणवाचक म्हणून दोन ओळींत वाटेला लावतात. चित्रासमोर बसलेल्या मुलाचं त्यांच्यावाचून पान हलत नाही. ‘मुलगा पडला, कुत्रं पळतंय’ हेही तिने सहज म्हटलं. झालेलं आणि चालू असलेलं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यात अवघड पान हरणाचं. मुलगा मोठ्या दगडावर चढतो आणि तोल सांभाळायला फांद्या धरतो. पान उलटलं की कळतं, त्या फांद्या नव्हत्याच, ती हरणाची शिंगं होती. हे सांगायचं तर तीन गोष्टी एकदम डोक्यात धराव्या लागतात: खरं काय, मुलाला काय वाटलं, आणि आपल्याला ते कधी समजलं. दुसऱ्याला चुकीचं वाटत असू शकतं, ही समज मुलांना साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास येते. समजणं वेगळं आणि गोष्टीत ‘त्याला वाटलं फांदी आहे’ असं सांगणं वेगळं. छापील पुस्तकात हे वाक्य लेखकाने लिहून ठेवलेलं असतं, मुलाने ऐकलं की झालं. इथे ते नाही. चित्र ते म्हणूच शकत नाही. ‘वाटणं’ चित्रात काढता येत नाही, ते बघणाऱ्याला घालावं लागतं.

चित्रांच्या रांगेतून अर्थ लावताना डोकं काय करतं, याची एक छान चाचणी आहे. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांना विचित्र शेवट असलेली वाक्यं वाचायला दिली, गरम पावावर त्याने मोजे फासले अशा धर्तीची. ‘मोजे’ या शब्दानंतर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक ठळक लाट दिसली. अर्थ जुळवायला जास्त कष्ट पडले, की ही लाट मोठी होते. २०१२ साली नील कोन आणि सहकाऱ्यांनी ‘पीनट्स’ या मालिकेतल्या शब्द नसलेल्या चित्रपट्ट्या घेतल्या आणि काहींची चित्रं विस्कटून लोकांना दाखवली. तीच लाट. नीट लागलेल्या गोष्टीत ती चित्रागणिक लहान होत जाते, विस्कटलेल्यात मोठीच राहते. हा प्रयोग मोठ्या माणसांवर होता, तो मुलांना जसाच्या तसा लावू नये. पण ‘नुसती चित्रं तर बघायचीत’ असं म्हणणाऱ्याला एवढं सांगता येतं, की चित्रांची रांग आणि वाक्य या दोन्हींचा अर्थ लावताना डोक्यातली काही यंत्रणा एकच असते.

चित्र ओळखणं शिकवावं लागतं का? ज्युलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रूक्स यांनी आपल्याच मुलाला जवळपास १९ महिने चित्रांपासून शक्य तितकं दूर ठेवलं आणि वस्तूंची नावं खऱ्या वस्तू व खेळण्यांवरून शिकवली. मग त्याला रेघांची चित्रं दाखवली. त्याने ती ओळखली. १९६२ सालचा हा प्रयोग आज कुठली समिती मंजूर करेल असं वाटत नाही. म्हणजे ओळखणं फुकटात मिळतं. चित्र ही वस्तू नव्हे हे मात्र शिकावं लागतं: ज्युडी डीलोच यांनी १९९८ साली दाखवलं, की नऊ महिन्यांची बाळं पानावरची वस्तू बोटांनी उचलू पाहतात आणि १९ महिन्यांची बाळं तिच्याकडे बोट दाखवतात.

आता आपल्या घरात. मेरी ॲन एव्हान्स आणि जाँ सेंटऑबॅन यांनी २००५ साली मुलांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा मोठं माणूस वाचत असताना चार वर्षांची मुलं अक्षरांकडे जवळपास बघतच नव्हती. ओळीवरून बोट फिरवून आपण वाचत असतो आणि मूल कोपऱ्यातल्या उंदराकडे बघत असतं. शब्द काढून टाकले, की दोघांची नजर एका ठिकाणी येते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात अँजेला न्यहाउट आणि डॅनिएला ओनील यांनी दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आयांना दोन तऱ्हेची पुस्तकं दिली: एक चित्रं आणि नावं असलेलं, दुसरं नुसत्या चित्रांच्या गोष्टीचं. गोष्टीच्या पुस्तकाबरोबर आया पुढे काय होईल, त्याला कसं वाटलं असेल, तुला आठवतं का, असं गुंतागुंतीचं जास्त बोलल्या.

याचा अर्थ छापील पुस्तकं कपाटात ठेवा असा नाही. लिखित गोष्टीत जे शब्द येतात ते आपल्या रोजच्या बोलण्यात येत नाहीत. ‘निबिड अरण्य’ स्वयंपाकघरात कोण म्हणतं? शिवाय शब्द नसलेलं पुस्तक मुलाच्या हातात देऊन मोठ्या माणसाने मोबाइल उघडला, तर पाचव्या मिनिटाला पुस्तक पलंगाखाली जातं. उलट टोक त्याहून वाईट: ‘हे काय? याचा रंग कोणता? किती मधमाश्या, मोज बरं.’ ही तोंडी परीक्षा झाली. गप्प बसून, पान न उलटता थोडं थांबणं मोठ्यांना सर्वात जड जातं. मला तरी गेलं.

आणि ज्यांना पुस्तकाची भाषाच येत नाही त्यांचं काय? भूमध्य समुद्रातल्या लांपेदुसा या छोट्या इटालियन बेटावर आफ्रिकेतून होड्यांनी निर्वासित येतात. तिथल्या स्थानिक आणि येणाऱ्या मुलांसाठी वाचनालय उभं करायचं म्हणून ‘इबी’ या मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली जगभरातून शब्द नसलेली पुस्तकं जमवायला सुरुवात केली. भाषा कुठलीही असो, पुस्तक कुणालाच परकं ठरत नाही. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी हे फार पूर्वीपासून करत आलेत. पोथीतली चित्रं एकेक करून पुढे धरायची आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. चित्र तेच, सांगणं त्या रात्रीचं. फरक इतकाच, की तिथे बोलणारा कसलेला असतो आणि इथे चार वर्षांचा.

बेडकाच्या गोष्टीत शेवटी ओंडक्यामागे बेडूक सापडतो. बरोबर बेडकी असते आणि पिल्लांची रांग. मुलगा एक छोटा बेडूक हातात घेऊन घरी निघतो, मागे वळून हात हलवतो. मी म्हटलं, ‘सापडला, संपली गोष्ट.’ भाची बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘पण त्याच्या आईला विचारलं का?’

मी पान उलटलं. पुढे पान नव्हतं.